उजवी फेरी, डावी फेरी: फिरत्या पितळी चकतीच्या वजनाच्या नोंदी

16 जून 2024, डिचोली (गोवा)

तात्यांचा दावा आज प्रथम कागदावर उतरवून घेतला, कारण तोंडी दावा दर आठवड्याला थोडा वाढत जातो, असा माझा शिक्षकी पेशातला अनुभव आहे. चाळीस वर्षे मोटर वाइंडिंगचे दुकान चालवलेल्या तात्यांचे म्हणणे असे आहे: बंद डब्यातली पितळी चकती उभ्या आसाभोवती, वरून पाहता घड्याळाच्या दिशेने (म्हणजे उजवी), मिनिटाला सुमारे 6,000 फेऱ्यांनी फिरवली तर डब्याचे वजन आठ-नऊ मिलिग्रॅमने उतरते, आणि तेवढ्याच वेगाने उलट दिशेला फिरवली तर ते जवळजवळ उतरत नाही. गेल्या हिवाळ्यापासून त्यांनी हे 31 वेळा पाहिले असून प्रत्येक वेळची नोंद त्यांच्या वहीत आहे. वही मी पूर्ण वाचली. तिच्यात खाडाखोड नाही, गाळलेली पाने नाहीत, आणि नको असलेला आकडा लपवल्याची कोणतीही खूण नाही.

उपकरण साधे आहे. डिचोलीत समया घडवणाऱ्या एका कारागिराकडून ओतून घेतलेली आणि नंतर लेथवर उतरवलेली चकती 50 मिलिमीटर व्यासाची, 10 मिलिमीटर जाडीची आणि 167 ग्रॅम वजनाची आहे. ती एका छोट्या ब्रशलेस मोटरच्या दांड्यावर बसवली आहे. मोटर, बॅटरी आणि नियंत्रक यांसह सारे 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी नळाच्या तुकड्यात ठेवून दोन्ही तोंडांना टोपणे लावलेली आहेत. बाहेरून आत एकही तार जात नाही, हे तात्यांनी आपणहून केले याचे मला कौतुक वाटते, कारण वजनाच्या प्रयोगात लोंबणारी तार हा पहिला चोर असतो. एकूण वजन 548 ग्रॅम भरते. काटा सोनार शेटांच्या दुकानातला आहे: काचेच्या पेटीतला, 600 ग्रॅमपर्यंतचा आणि एक मिलिग्रॅम दाखवणारा. दुकान बंद असते त्या रविवारीच तो आम्हाला मिळेल, अशी शेटांची अट आहे.

23 जून

तात्यांना ठाऊक नव्हते, पण हा दावा नवा नाही. जपानमधल्या सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठातले हायासाका आणि ताकेउची यांनी डिसेंबर 1989 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये नेमके हेच प्रसिद्ध केले होते. त्यांच्या चकत्या 140, 175 आणि 176 ग्रॅमच्या होत्या आणि वेग मिनिटाला 3,000 ते 13,000 फेऱ्यांचा होता. उजव्या फिरण्यात वेगाच्या प्रमाणात काही मिलिग्रॅमची घट दिसते आणि डाव्या फिरण्यात काहीच दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी मोजमाप चकती आपल्या वेगाने गरगरत असताना, म्हणजे तिला चालना देणे थांबवल्यावर केले होते.

नियतकालिक प्रतिष्ठित, लेखक प्रशिक्षित आणि परिणाम मात्र असा की तो खरा असता तर न्यूटनपासूनचे बरेच काही पुन्हा लिहावे लागले असते. 1990 मध्येच अमेरिकेतल्या बोल्डरमध्ये फॅलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बर्कलीत निचके आणि विलमर्थ यांनी, आणि पॅरिसजवळच्या सेव्हर येथील आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयात क्विन आणि पिकार्ड यांनी स्वतंत्रपणे हा प्रयोग केला. तिघांनाही दिशेनुसार बदलणारी घट सापडली नाही.

हे सगळे तात्यांना वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, “सर, म्हणजे त्यांना दिसले नाही. मला दिसते आहे.” या उत्तरावर रागावण्यासारखे काही नाही. इतरांना दिसले नाही म्हणून यांनाही दिसले नसणार, हे काही तपासणीचे उत्तर होत नाही. यांना जे दिसले ते कशामुळे दिसले, हे दाखवता येईपर्यंत त्यांचे 31 आकडे उभेच आहेत. म्हणून पहिला नियम लिहिला: आधी कोणतीही सुधारणा न करता, तात्या करतात तसाच प्रयोग त्यांच्याच हातून करून पाहायचा. पाडाव करण्याच्या घाईत आपण दुसराच प्रयोग करतो आणि मग मूळ माणूस म्हणतो की माझा प्रयोग तुम्ही केलाच नाही, आणि ते त्याचे म्हणणे खरे असते.

30 जून

तात्यांनी डबा पारड्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला, मोटर उजवी सुरू केली, दोन मिनिटांनी ती बंद झाली आणि चकती फिरत असतानाच आकडा वाचला. घट 9 मिलिग्रॅम. चकती थांबल्यावर पुन्हा शून्य केले आणि डावी फिरवली. घट 2 मिलिग्रॅम. असे पाच वेळा केले. उजवीची सरासरी 8.7, डावीची 2.1.

परिणाम दिसत नाही असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर तो पाचही वेळा दिसला. खरे सांगायचे तर दुपारी जेवताना माझे लक्ष ताटात नव्हते.

भाचा म्हणाला की नऊ मिलिग्रॅम म्हणजे काटा चुकला असणार, सोडून द्या. मी त्याला लॉर्ड रॅले यांची गोष्ट सांगितली. हवेतून मिळवलेला नायट्रोजन आणि रासायनिक संयुगांतून मिळवलेला नायट्रोजन यांचे त्याच काचेच्या गोळ्यातले वजन त्यांना वेगळे मिळत होते: एक सुमारे 2.310 ग्रॅम, दुसरे सुमारे 2.299 ग्रॅम. फरक अवघ्या 11 मिलिग्रॅमचा. रॅले यांनी तो काट्याच्या माथी मारला नाही. वेगवेगळ्या संयुगांतून नायट्रोजन काढून त्यांनी तो फरक पक्का केला आणि 1894 मध्ये रॅले आणि रॅमसे यांना त्या फरकात अरगॉन वायू सापडला. मिलिग्रॅम लहान असतो म्हणून तो खोटा ठरत नाही. मात्र रॅले यांच्याइतकी चिकाटी आपल्याला ठेवता आली पाहिजे.

7 जुलै

पावसाने कालपासून उसंत घेतलेली नाही. टेबल हलते म्हणून तळमजल्यावरच्या कोठीत चिऱ्यांचे दोन खांब रचून त्यांवर कडाप्पा ठेवला आणि काटा तिथे हलवला. आता रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला तरी शेवटचा आकडा एकानेच हलतो. पंखा बंद ठेवला. काटा सुरू केल्यावर तासभर गरम होऊ द्यायचा, हेही ठरले. मध्ये वीज गेली आणि तो तास पुन्हा मोजावा लागला.

आजचा शोध चुंबकाचा आहे. ब्रशलेस मोटरमध्ये शक्तिशाली चुंबक असतात, आणि काट्याच्या पोटातही चुंबक आणि वेटोळे असते. चकती थांबलेली असताना ती हाताने पाव फेरा फिरवली तर आकडा 2 मिलिग्रॅमपर्यंत बदलत होता. डब्याखाली चार सेंटिमीटर थर्मोकोल घातल्यावर हा बदल काट्याला दिसेनासा झाला. थर्मोकोलवर स्थिर विद्युत साठून वेगळाच घोळ होण्याची भीती होती, पण आपल्याकडच्या आषाढातल्या दमटपणात तसा भार टिकत नाही. पावसाळ्याची या प्रयोगावर तेवढीच कृपा आहे.

थर्मोकोल घालूनही उजवी 8 आणि डावी 2 आली. म्हणजे चुंबक हा चोर होता, पण या चोरीतला नव्हे.

14 जुलै

कंपन तपासले. मोबाइलवर आवाजाचा वर्णपट दाखवणारे ॲप ठेवले की 100 हर्ट्झवर शिखर दिसते, म्हणजेच मिनिटाला 6,000 फेरे. वेग हळूहळू उतरत 4,400 च्या आसपास येतो तेव्हा डबा अनुनादाने थरथरतो आणि काटा एकदम 6 मिलिग्रॅम जास्त दाखवतो. तात्यांनी चकतीच्या कडेला दोन ठिकाणी बारीक भोके पाडून तिचा तोल सुधारला, आणि ही कामगिरी करावी तर त्यांनीच. थरथर निम्म्याहून कमी झाली. वाचन नेहमी मोटर बंद झाल्यावर विसाव्या सेकंदाला, वेग 5,000 च्या वर असतानाच करायचे ठरले. घट आहे तिथेच आहे.

21 जुलै

आजची नोंद मोठी होणार आहे.

सकाळी वीज नव्हती म्हणून तात्यांची वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळत बसलो. 31 जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत ‘उ’ आधी आणि ‘डा’ नंतर. एकदाही उलटे नाही. मी ही वही जूनमध्ये पूर्ण वाचली होती, पण तेव्हा आकडे वाचले होते आणि ओळींचा क्रम पाहिला नव्हता. तात्यांना विचारले की डावी आधी कधी फिरवली होती का. ते थोडे आश्चर्याने म्हणाले, “पहिली फेरी उजवीच घालायची असते ना, सर. देवळात कोणी उलटी प्रदक्षिणा घालतो का?”

यात हसण्यासारखे काही नाही. हात ज्या दिशेला आयुष्यभर वळलेले असतात त्या दिशेलाच ते यंत्रावरही वळतात. 30 जूनला पाच वेळा मी स्वतः शेजारी उभा होतो आणि मलाही या क्रमात काही खटकले नाही, कारण मीही त्याच देवळात त्याच बाजूने फिरत आलो आहे.

वीज आली, काटा गरम झाला, आणि आम्ही डावी आधी फिरवली. घट 9 मिलिग्रॅम. मग उजवी. घट 2. पाच जोड्या केल्या, दोन जोड्यांमध्ये डबा पाऊण तास थंड होऊ दिला. आधी फिरवलेल्या डावीची सरासरी 8.9, नंतर फिरवलेल्या उजवीची 2.4.

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वही मागून घेतली, कोऱ्या पानावर स्वतः आजचे दहा आकडे उतरवले आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘क्रम उलटा’. घट दिशेला लागलेली नाही, पाळीला लागलेली आहे, हे त्यांनी माझ्या आधी उच्चारले, याची नोंद इथे असायला हवी.

28 जुलै

पहिल्या पाळीत असे काय असते जे दुसऱ्या पाळीत नसते? उत्तर सापडायला अर्धा दिवस लागला आणि ते डब्यावर हात ठेवल्यावर सापडले. डबा किंचित कोमट होता.

भाच्याने बटणाएवढ्या सेलवर चालणारा तापमान नोंदवणारा छोटा लॉगर आत ठेवला. पहिल्या पाळीत आतली हवा 2.6 अंशांनी तापते. दुसरी पाळी सुरू होते तेव्हा मोटर अजून गरम असते, काटा आपण त्या तापलेल्या अवस्थेतच शून्य केलेला असतो, आणि त्या पाळीत हवा आणखी 0.7 अंशच तापते.

डब्यातली मोकळी जागा पाणी ओतून मोजली, ती 870 मिलिलिटर भरली. आपल्या इथल्या दमट हवेचे 30 अंशांना वजन लिटरला सुमारे 1.15 ग्रॅम असते, म्हणजे डब्यात जवळपास एक ग्रॅम हवा आहे. टोपणे नुसती दाबून बसवलेली असल्यामुळे हवा तापली की फुगते आणि फटीतून बाहेर पडते. एका अंशाला एक ग्रॅमचा तीनशे तिसावा नव्हे, तर निरपेक्ष तापमान 303 केल्विन असल्यामुळे तीनशे तिसरा भाग बाहेर जातो, म्हणजे सुमारे 3.3 मिलिग्रॅम. (पहिल्या हिशेबात मी 330 धरले होते, चूक भाच्याने पकडली आणि ती खोडण्याऐवजी इथे ठेवतो आहे.) 2.6 अंशांना 8.6 मिलिग्रॅम आणि 0.7 अंशाला 2.3 मिलिग्रॅम. आमचे मोजलेले आकडे 8.7 ते 8.9 आणि 2.1 ते 2.4.

इतके जुळणारे उत्तर मिळाले की माझा आनंद लगेच संशयात बदलतो. जुळणाऱ्या हिशेबावर थांबणे आणि जुळणाऱ्या दाव्यावर थांबणे यांत फारसा फरक नाही. स्पष्टीकरण खरे असेल तर फटी बुजवल्यावर घट जवळपास नाहीशी झाली पाहिजे. ते करून पाहिल्याशिवाय हा विषय मिटत नाही.

11 ऑगस्ट

टोपणांना रबरी वायसर आणि सिलिकॉन लावून डबा हवाबंद केला. साबणाच्या पाण्यात बुडवून पाहिला, बुडबुडा येत नाही. (बॅटरी काढून ठेवूनच बुडवला, मागच्या रविवारचा पूर्ण दिवस ती काळजी न घेतल्याच्या पायी गेला होता, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.)

पहिल्या पाळीतली घट 1.2 मिलिग्रॅमवर आली. दिशा कोणतीही असो. उरलेल्या घटीची दोन कारणे संभवतात. एक, आतला दाब वाढल्याने टोपणे किंचित फुगतात, आणि डब्याचे आकारमान एक मिलिलिटरने वाढले तरी बाहेरची हवा त्याला 1.15 मिलिग्रॅमच्या आसपास जास्त उचलते. दोन, कोमट डब्याच्या बाजूने हवेचा बारीक प्रवाह वर चढतो. गरम वस्तू काट्यावर हलकी भरते, हे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले प्रत्येक पोर शिकते आणि विसरते. या दोहोंचा वाटा वेगवेगळा काढण्याचा प्रयत्न केला नाही, कारण आपला प्रश्न दिशेचा आहे.

डबा उलटाही करून पाहिला. असे केल्याने मोटरला मिळणारी वीज त्याच क्रमाने जाते, पण वरून पाहता दिशा बदलते, त्यामुळे विजेचा दोष आणि फिरण्याचा परिणाम वेगळे होतात. फरक दिसला नाही.

18 ऑगस्ट

तात्यांनी आज एक आक्षेप घेतला आणि तो इतका चांगला होता की त्याला पूर्ण दिवस दिला. ते म्हणाले, “पृथ्वी स्वतःच एका दिशेला फिरते आहे. मग उजवे आणि डावे तिच्यावर सारखे कसे असेल?”

ते खरोखरच सारखे नसते. फिरणारी चकती आपला आस अवकाशात स्थिर ठेवू पाहते आणि पृथ्वी तो आस आपल्याबरोबर वळवत नेते. त्यामुळे डब्यावर एक बलयुग्म, म्हणजे त्याला वळवू पाहणारा जोर, येते आणि चकतीची दिशा बदलली की त्याचीही दिशा बदलते. आमच्या चकतीचा 6,000 फेऱ्यांना कोनीय संवेग (फिरण्याच्या जोराचे माप) सुमारे 0.033 किलोग्रॅम-वर्गमीटर प्रति सेकंद आहे. गोवा साडेपंधरा अंश अक्षांशावर असल्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा जवळजवळ सगळाच भाग इथे आडवा येतो. गुणाकार केला की न्यूटन-मीटरचे 2.3 दशलक्षांश इतके बलयुग्म मिळते. ते वजन वाढवत किंवा घटवत नाही, फक्त डब्याला कलंडवू पाहते, जणू डबा पारड्याच्या मध्यापासून अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षाही कमी सरकला आहे. डबा मुद्दाम एक सेंटिमीटर सरकवला तेव्हा काट्याचा आकडा एका मिलिग्रॅमने बदलला. त्या मानाने या परिणामातून होणारी चूक मिलिग्रॅमच्या वीस हजाराव्या भागाइतकी आहे.

म्हणजे तात्यांचा तर्क बरोबर आहे, परिणामही अस्तित्वात आहे, आणि तरीही तो शेटांच्या काट्याला कधीच दिसणार नाही. “विचार बरोबर आणि आकडा पोकळ,” असे ते स्वतःच म्हणाले.

25 ऑगस्ट

दिशेनुसार खरोखरच एखादा छोटा परिणाम उरला असेल, तर तो शोधण्यासाठी वाचणाऱ्याला दिशा माहीत असता कामा नये. तात्यांना हे प्रथम अपमानकारक वाटले. मी काय आकडे बनवतो, असे ते म्हणाले. त्यावर मी पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी असलेल्या आबे फारिया यांच्या पुतळ्याची आठवण करून दिली, कारण त्या पुतळ्याखालून तात्या शेकडो वेळा गेले आहेत.

1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने अंगातून वाहणाऱ्या अदृश्य शक्तीने रोग बरे होतात असे मानणाऱ्या मेस्मरपंथीयांच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’ची चौकशी करण्यासाठी मंडळ नेमले; त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेत एका झाडाला ‘चुंबकत्व’ दिले गेले आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडापाशी नेले गेले. मुलगा बेशुद्ध पडला खरा, पण चौथ्या झाडापाशी, आणि ते झाड चुंबकत्व दिलेले नव्हते. तो मुलगा खोटारडा नव्हता. कांदोळीत जन्मलेल्या फारिया यांनी पुढे पॅरिसमध्ये हेच शिकवले की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काहीच बाहेर पडत नाही. जे घडते ते संमोहित होणाऱ्याच्या मनात घडते. डोळ्यांवरची पट्टी प्रामाणिक माणसासाठीच असते. लबाडाला पकडायला वेगळ्या युक्त्या लागतात.

“मग पट्टी तुमच्याही डोळ्यांवर हवी,” तात्या म्हणाले. मान्य केले.

रचना अशी ठरली. दिशा बदलणारा खटका डब्याच्या तळाला असेल. दिशा चिपने निवडावी असे भाच्याचे म्हणणे होते, पण चिपवर आपला विश्वास नाही, समोर नाणे उडवा, असे तात्यांनी सांगितले. माझी जुनी विद्यार्थिनी, जी आता स्वतः रसायनशास्त्र शिकवते, दुसऱ्या खोलीत नाणे उडवेल, खटका लावून त्यावर पट्टी चिकटवेल आणि दिशा तिच्या वहीत लिहील. ती वही फडताळात बंद राहील. एक अडचण ऐनवेळी लक्षात आली: चकती उजवीकडे सुरू होताना डब्याला डावीकडे हिसका बसतो आणि तो डोळ्यांना दिसतो. म्हणून काट्याशेजारी कोणीच बसणार नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून फक्त आकड्यांची पट्टी दिसेल आणि आम्ही दोघे ती वरच्या खोलीत वाचू.

प्रत्येक फेरीत तीन वाचने असतील: थांबलेली, फिरती, पुन्हा थांबलेली. पहिल्या आणि तिसऱ्याची सरासरी दुसऱ्यातून वजा केली की दमटपणाने होणारी काट्याची हळूहळू सरक बरीचशी निघून जाते. एकूण 40 फेऱ्या, ना एक कमी ना एक जास्त. उजव्या आणि डाव्या सरासरींतला फरक एका मिलिग्रॅमहून मोठा आला तर परिणाम दिसला असे मानू. हे वाक्य तारखेसह लिहून तात्यांनी आणि मी खाली सह्या केल्या.

1 सप्टेंबर

काहीच दिसले नाही असे म्हणण्यापूर्वी काही असते तर दिसले असते का, हे तपासले पाहिजे. यासाठी तात्यांची तांब्याची तार उपयोगी पडली. 40 गेजच्या वाइंडिंग तारेचा एक सेंटिमीटर तुकडा जवळपास एक मिलिग्रॅमचा भरतो. नाणे उडवणाऱ्या बाईंनी, म्हणजे माझ्या त्या विद्यार्थिनीने, दहा वेळांपैकी स्वतः निवडलेल्या पाच वेळी मधल्या वाचनाआधी दोन सेंटिमीटरचा तुकडा डब्यावर ठेवला आणि आम्ही वरून फक्त आकडे पाहून सांगायचे होते. ठेवलेले पाचही ओळखले. न ठेवलेल्या पाचांपैकी एकदा फसलो. दोन मिलिग्रॅमचा परिणाम असेल तर तो आमच्या हातून सुटणार नाही.

8 सप्टेंबर

चवथीचे दिवस. काम नाही. काटा मिळतच नव्हता आणि मागितलाही नाही.

22 सप्टेंबर

आज 24 फेऱ्या झाल्या. त्यांत एक गोष्ट घडली ती माझ्याविरुद्ध जाणारी असल्यामुळे तपशिलाने लिहितो.

अकराव्या आणि सतराव्या फेरीत घट 2 मिलिग्रॅमच्या वर आली. बाहेर ट्रक गेला होता, निदान मला तसे वाटले, म्हणून मी त्या दोन्ही फेऱ्या बाद म्हणून खूण केली. तात्यांनी शांतपणे विचारले की सहाव्या फेरीतही ट्रक गेला होता, ती का ठेवली. सहाव्या फेरीतली घट शून्य होती. मला उत्तर देता आले नाही. दिशा मला माहीत नव्हती, तरी ‘मोठी घट’ हा आकडाच मला नको होता, कारण तीन महिने मी घट नाही हे दाखवण्याच्या बाजूने झुकत चाललो होतो. विश्वास ठेवणाऱ्याचा क्रम चुकतो तसा अविश्वास ठेवणाऱ्याचा रबर चुकतो. दोन्ही फेऱ्या परत घेतल्या. यापुढे फेरी बाद करायची असेल तर ती आकडा दिसण्यापूर्वी, दोघांच्या संमतीने करायची.

29 सप्टेंबर

उरलेल्या 16 फेऱ्या पूर्ण झाल्या. एकही बाद केली नाही. चहा झाल्यावर बाईंनी फडताळातून वही काढली आणि तात्यांनी दिशा वाचल्या, मी आकडे मांडले.

नाण्याने 22 उजव्या आणि 18 डाव्या फेऱ्या दिल्या होत्या. उजव्यांत सरासरी घट 0.6 मिलिग्रॅम, डाव्यांत 0.5. वाचनांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा विखुरलेपणा, 0.7. म्हणजे फरक 0.1 मिलिग्रॅमचा आणि त्यातली अनिश्चितता 0.2 ची. अकरावी फेरी उजवी निघाली, सतरावी डावी.

आमचा निष्कर्ष जेवढा आहे तेवढाच लिहितो: 167 ग्रॅमच्या या चकतीला, मिनिटाला 5,000 ते 6,000 फेऱ्यांत, दिशेनुसार बदलणारी एक मिलिग्रॅमची घट नाही. त्याहून दहापट लहान परिणामाबद्दल आमच्या काट्याला काही सांगता येत नाही. हायासाका आणि ताकेउची यांच्या प्रयोगात काय चुकले असेल, याबद्दलही हा प्रयोग काही सांगत नाही. त्यांचा डबा आमचा नव्हता आणि त्यांचा क्रम आमच्या तात्यांचा नव्हता.

6 ऑक्टोबर

काटा पुसून शेटांना परत केला. पारड्याखाली थर्मोकोलचे दोन दाणे राहिले होते, ते शेटांनीच शोधून काढले आणि सोन्याचे असते तर तुम्ही विसरला नसता, असे ऐकवले.

तात्यांनी त्यांच्या जुन्या वहीतल्या 31 जोड्यांवर काट मारलेली नाही. प्रत्येक जोडीपुढे त्यांनी लाल पेनाने ‘आधी फिरवलेली’ आणि ‘नंतर फिरवलेली’ एवढेच लिहिले आहे. चकती त्यांनी घरी नेली. तिला चांगली बेअरिंगे बसवून हिवाळ्यात, हवा कोरडी झाल्यावर, आडव्या आसाभोवती फिरवायची त्यांची इच्छा आहे. त्या वेळी पहिली फेरी कोणत्या बाजूने घालायची हे ठरवण्यासाठी लागणारे नाणे त्यांनी माझ्या टेबलावर ठेवून दिले आहे.